दोन बोटांचा प्ले

बँकेत असताना ट्रॅक्टरची कर्जप्रकरणे मी खूप हाताळली. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, विमा, तारण, सगळ्यांना रकाना होता. स्टेअरिंगला नव्हता. आणि द्राक्षबागेत फिरणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरची परीक्षा नेमकी तिथेच होते.

नाशिक-सांगलीकडच्या बागांत दोन ओळींमध्ये आठ-नऊ फुटांची वाट. वरून दोन्हीकडचा मांडव झुकलेला, मागे फवारणीचा ब्लोअर. मोकळ्या वावरात चक्र दोन बोटे सैल असले, तर तास जरा वाकडे जाते, एवढेच. बागेत तेवढ्यानेच पुढचे चाक खोडाला घासते. लावलेली वेल पहिले पीक द्यायला दोनेक वर्षे घेते. सांध्याचा सुटा भाग तालुक्याला मिळतो, खोड मिळत नाही.

स्टेअरिंग ढिले झाले की पहिला संशय बॉक्सवर. त्याचा स्क्रू आवळायचा आणि मोकळे व्हायचे, हा रिवाज. गोम अशी की बॉक्समधले दाते सरळ चालण्याच्या जागी सर्वांत जास्त झिजतात. ट्रॅक्टरचे बरेचसे आयुष्य सरळ जाण्यातच सरते ना! तिथला प्ले काढायला स्क्रू जास्त आवळला, तर वळणाच्या टोकाला, जिथे दाते अजून शाबूत असतात, चक्र जाम होते. ओळीच्या शेवटी पूर्ण वळण घ्यावे लागणाऱ्या बागेत हे नवे दुखणे जुन्यापेक्षा वाईट.

मुरलेला मिस्त्री इंजिन बंद ठेवून पोराला सीटवर बसवतो, चक्र डावी-उजवीकडे हलवायला लावतो आणि स्वतः खाली आडवा होतो. ड्रॅग लिंक, टाय रॉडचे एंड, किंग पिनचे बुश, ॲक्सल झुलतो ती मधली पिन, एकेका सांध्यावर बोट ठेवतो. जिथे अलीकडचा भाग हलतो पण पलीकडचा मागाहून, तिथे चोर. बहुधा चोर एकटा नसतो. ताळेबंदातला फरक जसा चार खात्यांतल्या किरकोळ चुकांचा निघावा, तसे हे. एंड, बुश बदलावे, पुढच्या चाकांचा टो-इन पुस्तिकेबरहुकूम लावावा. स्क्रूची पाळी शेवटी.

बागेत हे सांधे लवकर जातात, कारण फवारणीचे पाणी. बोर्डो मिश्रणातला मोरचूद लोखंड खातो. जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे आणि किंग पिनसाठी ॲक्सल जॅकवर उचलावा, म्हणजे वजनाने दबलेल्या फटीतही ते शिरते.

पॉवर स्टेअरिंगने मनगटे वाचतात, हे खरेच. सैल एंड मात्र सैलच राहतो. हाताला धक्के पोचत नाहीत म्हणून तो कळतो उशिरा. शिवाय मागे उचललेल्या ब्लोअरची टाकी भरली की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, चाके वळतात पण मातीवर नुसती सरकतात. त्याला उपाय पुढच्या बाजूला लावायच्या वजनांचा. तेव्हा कुणी पाना घेऊन बॉक्सकडे निघालाच, तर त्याला आधी टाकी रिकामी करून एक फेरी मारायला सांगावे.