भंगार म्हणण्याआधी

बँकेच्या नोकरीत मयत खातेदारांचे दावे निकाली काढण्याचं काम मी अनेक वर्षं केलं. माणूस जातो, मागे कागद राहतात आणि ते नीट वाचले नाहीत तर वारसांचं नुकसान होतं, एवढं त्या टेबलाने मला शिकवलं. निवृत्तीनंतर हा धडा गिटारच्या बाबतीत उपयोगी पडेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमच्या शाखेतला एक कॅशियर मित्र दिवसा नोटा मोजायचा आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तो गेल्यावर काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला. ‘‘भाऊजी, ह्यांचं गिटारचं सामान घ्यायला एक जण येतोय. तुम्ही समोर असलात तर बरं.’’ सामान म्हणजे दोनच वस्तू. पायाने दाबायचं एक पिवळं पेडल आणि पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवलेला अवजड ॲम्प्लिफायर. दोन्ही त्याच्या बोटीवरच्या मावसभावाने वेगवेगळ्या खेपांना आणलेल्या.

गिऱ्हाईकाने पेडलला स्वतःजवळचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर जोडला. दिवा जेमतेम मिणमिणला, आवाज मरगळलेला. ‘‘यात दम नाही. भंगाराचा भाव देतो,’’ तो म्हणाला. वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. मी गृहस्थाला चहा पाजून वाटेला लावलं आणि दोन्ही वस्तू लॅमिंग्टन रोडजवळच्या एका जुन्या कारागिराकडे नेल्या.

त्याने काही जोडण्याआधी पेडल उलटंपालटं करून नीट वाचलं. बॉस कंपनीचं ‘एसडी-१’, १९८१ साली बाजारात आलेलं मॉडेल. तळाला ‘मेड इन जपान’. कंपनीने पुढे हे उत्पादन तैवानला नेलं. अडॅप्टरसंबंधीच्या मजकुरात मात्र तीन अक्षरं होती : ‘एसीए’. तिथेच सगळं उलगडलं. त्या काळचा एसीए अडॅप्टर नावाला नऊ व्होल्टचा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास देणारा. जास्तीचा दाब उतरवायला पेडलच्या आतच सोय केलेली. आजचा अडॅप्टर मोजून नऊच देतो, त्यातूनही पेडल आपला वाटा कापून घेतं आणि उपाशी राहतं. कारागिराने साधी नऊ व्होल्टची बॅटरी घातली. तिच्या वाटेत ही कपात नसते. लाल दिवा टक्क पेटला.

‘‘साहेब, पेडल आजारी नव्हतं, भुकेलं होतं,’’ तो म्हणाला.

मग त्याने आणखी एक सावधगिरी सांगितली. घरातल्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनीत मधला भाग धन असतो, गिटारच्या पेडलमध्ये सहसा ऋण. घरातला कुठलाही अडॅप्टर बसतो म्हणून खुपसला, तर पेडल जळू शकतं. १९६६ साली लंडनहून आलेल्या गोल ‘फझ फेस’सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या पेडलमध्ये तर बॅटरीचं धन टोकच सांगाड्याला जोडलेलं असतं. त्याला इतर पेडलांबरोबर एका अडॅप्टरवर बसवायचं नाही.

ॲम्प्लिफायरची पाळी आली तेव्हा मी भाबडेपणाने प्लग हातात घेतला. कारागिराने हात धरला. मागच्या पट्टीवर ११७ व्होल्ट लिहिलेलं, भिंतीत २३०. वस्तू अमेरिकेची, फेंडर कंपनीची. व्होल्टेज निम्म्यावर आणणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये हवाच. शिवाय प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाही. तीन पिनांची वायर बसवल्याशिवाय हात लावायचा नाही. आमच्या घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखाच हा प्रकार, तापल्याशिवाय न बोलणारा. अशा पेटीच्या आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो. हे काम हौशी माणसाचं नव्हे.

इतकी वर्षं बंद पडलेला ॲम्प त्याने सिरीज बल्ब लावून सुरू केला. बल्ब जुना तारेचा हवा, एलईडी चालत नाही. बल्ब ढणढणत राहिला तर आत शॉर्ट. क्षणभर उजळून मंदावला तर बरीच आशा. आमचा मंदावला.

मग वय काढायचं ठरलं. आतल्या एका पोटेन्शिओमीटरवर आकडे होते : १३७६६३५. पहिले तीन सीटीएस या उत्पादकाचे, पुढचे दोन सालाचे, शेवटचे आठवड्याचे. म्हणजे १९६६, पस्तिसावा आठवडा. मी लगेच ‘‘मग १९६६चाच,’’ म्हणालो. कारागीर हसला. सुटा भाग कारखान्यात वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. तेव्हा मला स्टॅम्पपेपर आठवला. स्टॅम्पपेपर विकल्याची तारीख ही कराराची तारीख नसते. करार त्याआधी झाला नाही, एवढंच ती सांगते. दुसरा पुरावा लाकडी पेटीच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर मिळाला. शिक्का ‘पीजे’. फेंडरच्या त्या काळच्या पद्धतीत १९५१ म्हणजे ए, या हिशेबाने पी म्हणजे १९६६ आणि जे म्हणजे दहावा महिना. दोन्ही नोंदी जुळल्या.

दुरुस्ती किती करायची, हा खरा प्रश्न. या वाद्यसृष्टीत बिघाडालाच मान आहे. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या यंत्रातल्या बिघाडाने फाटला. तो तसाच ठेवला गेला. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच फाटका आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ साली गिब्सनने ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ते बाजारात आणलं. तेव्हा प्रत्येक जुना भाग बदलून वस्तू नवीकोरी करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आमच्या कारागिराने जीवावर बेतणारं तेवढं बदललं : वायर आणि सुकलेले कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, बटणं मूळचीच ठेवली. काढलेले भाग पिशवीत घालून परत दिले. ‘‘घेणाऱ्याला दाखवा, विश्वास बसतो,’’ म्हणाला. बँकेत यालाच आम्ही व्हाउचर जपणं म्हणायचो.

ॲम्प योग्य माणसाकडे, योग्य किमतीला गेला. नोंदींचा कागद आणि ती पिशवी त्याच्याबरोबर गेली. पेडलचंही गिऱ्हाईक मिळालं असतं. पण मी ते वहिनींसमोर टेबलावर ठेवून दाबलं, लाल दिवा लागला आणि त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘कार्यक्रमाला मी विंगेत बसायचे. हा दिवा लागला की समजायचं, आता ह्यांची पाळी.’’

पेडल आता त्यांच्या शोकेसमध्ये आहे. बॅटरी मी काढून दिलीय. विसरलेली बॅटरी गळते आणि आतलं खाऊन टाकते. एक नवी बॅटरी मात्र त्यांनी ड्रॉवरमध्ये आणून ठेवली आहे.