नवकम्मिक ते वास्तुविशारद : घर बांधण्यापूर्वीचा विचार

विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका दरिद्री शिंप्याची हकीकत आली आहे. लोक भिक्खुसंघासाठी विहार बांधीत आहेत हे पाहून आपणही एक विहार बांधावा, असे त्याच्या मनात आले. मजूर लावण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्याने स्वतःच चिखल तुडवला, विटा रचल्या आणि भिंत उभी केली. अंगी कसब नसल्याने भिंत वाकडी गेली व कोसळली. दुसऱ्यांदा बांधली, ती पडली. तिसऱ्यांदा बांधली, तीही पडली. तेव्हा तो संतापून म्हणू लागला, की जे संघाला चीवर, भोजन, औषध देतात त्यांना भिक्खू उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेखही करतात. मी मात्र गरीब, म्हणून मला कोणी विचारीत नाही. ही तक्रार भगवान बुद्धांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला बोल लावला नाही, तर नव्या बांधकामाची जबाबदारी एखाद्या भिक्खूवर सोपविण्याची अनुज्ञा दिली. अशा भिक्खूला ‘नवकम्मिक’ म्हणत. काम लवकर कसे पुरे होईल हे पाहणे, मोडतोड दुरुस्त करवून घेणे हे त्याचे कर्तव्य. प्राचीन बौद्ध शिलालेखांतही हे पद आढळते.

पुढे या पदाचा गैरवापरही झाला. केवळ भिंत लिंपणे किंवा दार बसविणे एवढ्यासाठी भिक्खू ‘नवकर्म’ देऊ लागले, आणि तेही दीर्घ मुदतीचे. तेव्हा तथागतांना तेही निषिद्ध करावे लागले. लहान विहारासाठी पाच-सहा वर्षे, मोठ्यासाठी दहा-बारा वर्षे अशी मुदत ठरवून दिली गेली. काम किती, त्याप्रमाणे जबाबदारी किती, हा हिशेब इतका जुना आहे.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे, की तज्ज्ञाचा सल्ला ही श्रीमंतांची चैन आहे, हा समज आपल्या समाजात अजून घट्ट रुतलेला आहे. वास्तविक ज्याच्याजवळ एकदाच बांधण्यापुरते पैसे आहेत, त्याची भिंत पडली तर तो पुन्हा उभा राहू शकत नाही. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, लिपिक, पोलीस, परिचारिका, दुकानदार आहेत. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव, एरंडोल, धुळे येथे त्यांनी भूखंड घेतले, गृहकर्ज काढले. गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेला जाण्याचा योग मला वारंवार येतो. दर्शनी भागाला महागडी टाईल, दारासमोर भक्कम गेट. आत मात्र भर दुपारी दिवा लावल्याशिवाय स्वयंपाकघरात दिसत नाही. विचारले तर उत्तर एकच : ‘सर, नकाशा तर पास केला होता.’

नकाशा पास करणे आणि घराचा विचार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली नगरपरिषदेसाठी, दुसरी राहणाऱ्यासाठी. वास्तुविशारदाचे, म्हणजे ज्याला आपण आर्किटेक्ट म्हणतो त्याचे खरे काम दुसऱ्या गोष्टीपासून सुरू होते.

प्रथम कायद्याचे. वास्तुविशारद अधिनियम १९७२ मध्ये झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे नोंद असलेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. त्यासाठी बारावीनंतर पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. मात्र हा कायदा उपाधीला संरक्षण देतो. इतरांनी इमारतीचा आराखडा करूच नये, असे तो म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. त्यामुळे लहान गावांत परवानाधारक अभियंतेही नकाशे सादर करतात आणि त्यांत गैर काही नाही. ज्याच्याकडे काम द्यायचे त्याचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक विचारून घ्यावा, एवढेच. विचारण्यात संकोच कसला?

कामाची विभागणीही लक्षात घ्यावी. वास्तुविशारद जागेची मांडणी, उजेड, वारा, वावर, सौंदर्य व खर्च यांचा मेळ घालतो. कॉलम-बीमचे आकार आणि सळईचे प्रमाण संरचना अभियंता हिशेबाने ठरवितो. ठेकेदार आणि मिस्त्री ते प्रत्यक्षात आणतात. आपल्याकडे ही तिन्ही कामे बहुधा मिस्त्रीच्या अनुभवावर सोपविली जातात. मिस्त्रीच्या हातातील कसबाविषयी मला आदर आहे. त्यांत आपल्याच वाडवडिलांचे हात आहेत. परंतु भार किती येईल हे डोळ्यांनी दिसत नाही, ते मोजावे लागते.

चांगला वास्तुविशारद प्रथम भूखंडावर येतो आणि प्रश्न विचारतो. घरात किती माणसे, वृद्ध कोण, अभ्यास करणारी मुले किती, पाहुणे किती दिवस राहतात, पुढे मजला चढवायचा आहे काय, आज हाती पैसे किती आणि पाच वर्षांनी किती? मग कच्चे रेखाटन होते. ते घरातील सर्वांनी, विशेषतः स्त्रियांनी, पाहून बदल सुचविण्याची हीच वेळ. कागदावरची भिंत रबराने पुसता येते, विटांची नाही. त्यानंतर मंजुरीचे नकाशे, कामाचे तपशीलवार नकाशे, अंदाजपत्रक, ठेकेदारांकडून दर मागविणे आणि शेवटी वेळोवेळी कामाची पाहणी. पाया, जोते आणि स्लॅब या तीन टप्प्यांवर तरी जाणकाराने जागेवर येऊन सळई पाहिल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नये.

मंजुरीच्या बाबतीत डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत एकच एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. सुमारे दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधताना नकाशा व शुल्क जमा केल्याची पोच पुरेशी मानली जाते. तीन हजार चौरस फुटांपर्यंत तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी मिळण्याची तरतूद आहे. सवलत मिळाली म्हणजे नियम गेले असे नव्हे. चारही बाजूंनी सोडावयाची जागा, उंची, रस्त्याची रुंदी हे सर्व पाळावेच लागते. जमीन बिनशेती आहे काय, सात-बारावर कोणाचे नाव आहे, गिरणेच्या पूररेषेत भूखंड येतो काय, हे भूखंड घेण्यापूर्वीच तपासून घ्यावे. एकदा खरेदीखत झाले की वास्तुविशारदही हतबल असतो.

खानदेशाच्या मातीचा आणि उन्हाचा विचार तर स्वतंत्रच करावा लागतो. आपली काळी माती कापसाला मानवते, पायाला नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पाया काळ्या मातीतच थांबविला तर घरही तिच्याबरोबर वरखाली होते, आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या तडा निघतात. म्हणून माती ओलांडून मुरमापर्यंत जावे लागते. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर टोक असलेले काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवून त्यांवर जोत्याचा बीम बांधतात. यासाठी आधी खड्डा घेऊन माती पाहावी लागते. हा खड्डा काही हजारांचा खर्च वाटतो, पण तडा बुजविण्याचा खर्च जन्मभर चालतो.

उन्हाचे म्हणाल तर जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरात जाड मातीचे छत असे. दुपारी आत निजता येई. आज चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री आत उष्णता सोडतो. म्हणून धाब्याकडे परत जावे असे मात्र मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरच्या जड मातीच्या छतांखाली सापडून. स्लॅब मजबूत हवा आणि थंडही हवा. ही सांगड घालणे हेच आराखड्याचे काम. पश्चिमेकडे जिना, न्हाणी, कोठीची खोली ठेवली तर निजण्याच्या खोलीला तिरप्या उन्हापासून आडोसा मिळतो. खिडकीवर खोल छज्जा, समोरासमोर झरोके, गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर : यांपैकी काहीच फार महाग नाही. गंमत अशी, की जो माणूस दिशा दाखविण्यासाठी वास्तुशास्त्रवाल्याला हजारो रुपये देतो, तोच आर्किटेक्टच्या शुल्कात घासाघीस करतो. सूर्य पश्चिमेला मावळतो एवढे ज्ञान भिंतीसाठी पुरेसे आहे.

ज्यांचे घर लहान, त्यांनी तर अधिकच विचार करावा. रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना मिळणारे घरकुल साधारण २६९ चौरस फुटांचे. एवढ्या जागेत चुकीच्या ठिकाणी लावलेले एक दारसुद्धा अर्धी खोली खाते. नवी मुंबईत बेलापूर येथे चार्ल्स कोरिया या वास्तुविशारदांनी १९८० च्या दशकात अल्प उत्पन्न गटांसह विविध कुटुंबांसाठी जी वसाहत रचली, ती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. प्रत्येक घराला स्वतःचा लहानसा भूखंड, शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, काही घरांच्या मध्ये एक अंगण, आणि कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे घर वाढत जाईल अशी आधीच केलेली तजवीज. आपल्या घरकुलातही जिन्याची जागा, पुढच्या खोलीचे दार आणि वरच्या मजल्याचा भार आज कागदावर ठरविला, तर दहा वर्षांनी मुलाला नोकरी लागल्यावर भिंती फोडाव्या लागणार नाहीत.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट नोंदविल्याशिवाय राहवत नाही. आपले घर कोठे असावे, त्याचे तोंड कोणीकडे असावे, हे शतकानुशतके आपण ठरविले नाही, गावकुसाने ठरविले. १९१७ साली बडोद्यात उच्चपदावर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे दीर्घकाळ ते परळच्या चाळीत राहिले. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, ते ग्रंथालय डोळ्यांपुढे ठेवून. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्याला दिले. राहणाऱ्याची गरज आधी आणि इमारत नंतर, हा क्रम तेथे दिसतो. नागपूरच्या दीक्षाभूमीचेही तेच. वास्तुविशारद शिवदान मल यांनी सांचीच्या स्तूपाचे रूप घेतले, पण सांचीचा स्तूप आतून भरीव, तर येथे हजारो माणसे सामावतील असा पोकळ घुमट केला. १२० फूट व्यासाच्या या स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले.

आता व्यापारी इमारतींविषयी. रस्त्याला लागून चार गाळे काढणे, वर अभ्यासिका किंवा शिकवणी वर्ग भाड्याने देणे, हा आपल्या तरुणांचा नवा व्यवसाय आहे. येथे चुकीची किंमत मालक नव्हे, तर परकी माणसे मोजतात. २४ मे २०१९ रोजी सुरत येथे एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गापर्यंत आग पोहोचली आणि २२ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. बाहेर पडायला मार्ग उरला नाही, म्हणून मुलांनी खिडकीतून उड्या घेतल्या. सुरतेत आपल्या खानदेशातील किती कुटुंबे आहेत, हे सांगायला नको. दुसरा जिना, त्याची रुंदी, बाहेर उघडणारी दारे, वाहने लावायची जागा, व्हीलचेअरसाठी उतार, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह : या गोष्टी गाळ्याचे भाडे वाढवीत नाहीत, म्हणून मालक त्या टाळू पाहतो. त्या काढून टाका असे सांगितल्यावर जो नकार देतो, तोच वास्तुविशारद निवडावा.

ज्यांना सदनिका विकत घ्यायची आहे, त्यांच्यासाठीही वास्तुविशारदाची सही मोलाची आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला आपण रेरा म्हणतो, ग्राहकांकडून आलेल्या पैशाचा ७० टक्के भाग विकासकाला स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो. काम किती झाले याचे प्रमाणपत्र वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांनी दिल्यावरच त्या प्रमाणात तो काढता येतो. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळला तर विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो.

शुल्क टक्केवारीने, चौरस फुटाप्रमाणे किंवा ठोक ठरते. ते टप्प्याटप्प्याने द्यावे, आणि किती भेटी, कोणते नकाशे, हे आरंभीच लिहून घ्यावे. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे. त्याबरोबर प्रत्यक्ष जसे बांधले तसा एक नकाशाही मागून घ्यावा. पाण्याचे नळ, सांडपाण्याची वाहिनी, विजेच्या तारा आणि प्रत्येक कॉलमची सळई त्यात दाखविलेली असावी. घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत त्याची एक प्रत ठेवावी आणि दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे.