मोत्याचा वाटा

चैत्र सरूं लागला कीं आमच्या नाशिकच्या घरांत दुपारीं दोन प्राणी हटकून माजघराच्या थंड फरशीवर आडवे होतात; एक आम्ही आणि दुसरा आमचा मोत्या. आम्हांस अंगांतला सदरा काढून ठेवण्याची तरी सोय आहे. मोत्यास तीही नाहीं. शिवाय आपला घाम वाळतांना अंग थंड होतें. कुत्र्यास तसा घाम येत नाहीं. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात व त्यांचा उपयोग थोडाच होतो. तो बिचारा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि तोंडांतील ओलावा वाळून जो काय गारवा मिळेल त्यावर निभावून नेतो. तेव्हां घरांत पन्हें, सरबतें आणि आमरस चालूं असतां त्याच्याही वाट्यास कांहीं थंड यावें, असें मुलांस वाटल्यास नवल नाहीं. परंतु हा वाटा कसा काढावा, याचें ज्ञान आम्हांस फार महाग पडलें. तें इतरांस स्वस्तांत मिळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं चैत्रगौरीचें हळदीकुंकू होतें. आंब्याची डाळ, पन्हें, भिजविलेले हरभरे, गौरीपुढें मांडलेलीं कलिंगडें आणि द्राक्षांचे घड, असा सारा थाट होता. आमचा सात वर्षांचा नातू द्राक्षांचा एक घड घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, मोत्यालाही देऊं का?" आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हटलें, "दे कीं. तोही घरचाच आहे." द्राक्षें म्हणजे नाशिकचें भूषण, त्यांनीं कोणाचें वाईट होईल ही शंका आमच्या मनास शिवलीही नाहीं. नातवानें तीं फ्रीजमध्यें गार केलीं आणि एकेक करून सारा घड मोत्यास भरविला.

रात्रीं मोत्यास वांत्या सुरू झाल्या. कांहीं बाधलें असेल, सकाळीं बरें वाटेल, असें म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. सकाळीं तो उठला नाहीं व पाण्यासही त्यानें तोंड लावलें नाहीं. पशुवैद्यांकडे नेतांच त्यांचा पहिला प्रश्न आला, "द्राक्षें किंवा बेदाणे खाल्ले होते का?" आमच्या नातवाचा चेहरा पांढराफटक पडला.

द्राक्षें, मनुका आणि बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. एखादें कुत्रें मूठभर खाऊनही धड राहतें आणि दुसरें थोडक्यानेंच दगावतें; म्हणून सुरक्षित असें प्रमाणच सांगतां येत नाहीं. याचें कारण पुष्कळ वर्षें उलगडलें नव्हतें. २०२१ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं द्राक्षांतील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविलें. हेंच आम्ल चिंचेंतही विपुल असतें. तेव्हां चिंचेचें सार व चटणी हींही कुत्र्यास वर्ज्यच समजावींत. खाल्ल्यापासून एकदोन तासांच्या आंत आणलें असतें तर औषधानें ओकवून विष काढतां आलें असतें, असें पशुवैद्य म्हणाले. ती वेळ आम्हीं घालविली होती.

तीन दिवस मोत्यास सलाईन लावलें होतें. नातू त्याच्याजवळून हलेना. दुसऱ्या दिवशीं त्यानें हळूच विचारलें, "आजोबा, मोत्याला मीच मारलं का हो?" आम्हीं म्हटलें, "नाहीं बाळ. तूं मला विचारलें होतेंस. चुकलों तो मी."

महाभारताच्या आदिपर्वांतील सरमेची गोष्ट आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितली असेल. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञस्थानीं आलेल्या तिच्या पिल्लास कांहीं अपराध नसतां मारलें. "त्यानें हविर्द्रव्य चाटलें नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं, मग कां मारलें?" या तिच्या प्रश्नास कोणापाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां, अदृष्ट भय तुमच्यावर येईल, असा शाप तिनें दिला. निरपराध मुक्या जीवास मारूं नये, हें तात्पर्य आम्ही मुलांस सांगत असूं. परंतु काठी न उगारतां, निव्वळ लाडानेंही त्यास इजा करतां येते, हें त्या तीन दिवसांत आम्हांस कळलें.

चवथ्या दिवशीं मोत्या पाणी प्याला व त्यानें शेपूट हलविलें. रक्ताची पुन्हां तपासणी झाली आणि तो घरीं आला. त्यानंतर सूनबाईंनीं पशुवैद्यांस विचारून जो क्रम बसविला, तो येथें देतों.

कलिंगडाची साल व बिया काढून गर कुस्करावा आणि बर्फाच्या ट्रेमध्यें गोठवावा. या फळांत शेंकडा ९० हून अधिक पाणीच असल्यामुळें उन्हाळ्यास तें फार सोयीचें. पिकलेल्या आंब्याची साल व कोय काढून रस घ्यावा, त्यांत तितकेंच गोड दहीं मिसळावें व त्याच्या वड्या गोठवाव्या. कोय कुत्र्यापुढें टाकूं नये. ती घशांत किंवा आंतड्यांत अडकते. केळें कुस्करून पातळ अळणी ताकांत कालविलें तरी चालतें. दुधापेक्षां दहीं-ताक बरें, कारण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस दूध पचत नाहीं.

मुख्य नियम असा कीं, साखर, मीठ व मसाला पडण्यापूर्वींच कुत्र्याचा वाटा काढावा. उरलेल्या रसांत आपल्यासाठीं साखर, वेलदोडा, केशर हवें तें घालावें. जायफळ मात्र कुत्र्याच्या पोटांत जाऊं देऊं नये, चॉकलेटही नको. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेले पदार्थ तर अत्यंत घातक. त्यांनीं रक्तांतील साखर एकाएकीं उतरते व यकृतासही अपाय होतो.

वडी दगडासारखी कठीण देऊं नये, दांत दुखावतात. थोडी मऊ होऊं द्यावी. नवें फळ प्रथम चमचाभरच देऊन पाहावें. असल्या खाऊचा भाग दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा. लठ्ठ किंवा मधुमेही कुत्र्यास देण्यापूर्वीं पशुवैद्यांस विचारावें.

हा खाऊ म्हणजे ऊन लागल्यावरचें औषध नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. कुत्र्याचें स्वाभाविक उष्णतामान सुमारें १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. तें फार चढून कुत्रें झोकांड्या देऊं लागल्यास त्याच्या अंगावर गार पाणी ओतावें, वारा घालावा आणि तत्काळ पशुवैद्य गांठावा. चपट्या नाकाच्या जातींस हा धोका विशेष.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत गृहस्थानें वैश्वदेवाच्या वेळीं कुत्रा, कावळा व किडामुंगी यांच्यासाठीं अन्न भूमीवर ठेवावें, असें सांगितलें आहे. हा वाटा गृहस्थाच्या जेवणाआधीं काढावयाचा असतो. उरलेंसुरलें म्हणून नव्हे. आमच्या घरांत ही रीत आतां रसाच्या पातेल्यापाशीं पाळली जाते. मोत्याच्या ट्रेची घरांतल्या ट्रेशीं गल्लत होऊं नये म्हणून आमच्या सौभाग्यवतींनीं त्यास तांबडा दोरा बांधून ठेवला आहे.

यंदांही चैत्रगौर मांडली आणि द्राक्षेंही आलीं. नातवानें तीं स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवलीं आणि मग स्वयंपाकघराच्या दारांत उभा राहून म्हणाला, "आई, साखर घालूं नकोस हं. आधीं मोत्याचा वाटा." आम्हीं या खेपेस वर्तमानपत्र बाजूस ठेवलें होतें.