उत्तेजक द्रव्यांची मुभा आणि सातारा-सांगलीचे मैदान

क्रीडास्पर्धांमध्ये उत्तेजक द्रव्यांना मुभा द्यावी की त्यांवरील बंदी कायम ठेवावी, हा वाद प्रामुख्याने पाश्चात्त्य विद्यापीठांत आणि आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटनांच्या बैठकांत घडत आला असला, तरी त्याचा निकाल ज्यांच्या आयुष्याला थेट भिडणार आहे त्यांच्यात माण तालुक्यातील धावपटू, कुंडलच्या मैदानात उतरणारे मल्ल आणि साताऱ्यातील तिरंदाज मुली यांचाही समावेश होतो. उत्तेजक द्रव्य म्हणजे केवळ शक्ती वाढवणारे औषध, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘वाडा’, एखादे द्रव्य बंदीच्या यादीत घालताना तीन कसोट्या लावते: त्याने खेळातील कामगिरी वाढते किंवा वाढण्याचा संभव असतो काय, त्याने आरोग्यास धोका पोहोचतो काय, आणि ते खेळाच्या मूळ वृत्तीस बाधक आहे काय. यांपैकी दोन कसोट्या पूर्ण झाल्या, की ते द्रव्य यादीत येऊ शकते. त्यामुळे या यादीत स्नायू वाढवणारी स्टिरॉइड आहेत, रक्त दाट करणारी संप्रेरके आहेत, लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे आहेत, आणि तिरंदाजी व नेमबाजी यांसारख्या खेळांपुरती हृदयाची धडधड मंदावून हाताचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर नावाची औषधेही आहेत.

मुभेच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद उथळ नाही. ज्युलियन सावुलेस्कू या तत्त्वज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह २००४ मध्ये असे प्रतिपादन केले, की निसर्ग मुळातच कोणाला अधिक तांबड्या पेशी देतो तर कोणाला कमी, ही विषमता औषधाने भरून काढता येते. चोरून घेतली जाणारी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली आली तर ती अधिक सुरक्षित होतील. आणि तपासणीने सगळे लबाड कधीच सापडत नसल्याने बंदीचा तोटा प्रामाणिक खेळाडूलाच होतो. याच विचाराचे व्यापारी रूप म्हणून उत्तेजकांना उघड परवानगी देणाऱ्या ‘एन्हान्स्ड गेम्स’ या स्पर्धेची घोषणा झाली आणि ती मे २०२६ मध्ये लास व्हेगास येथे घेण्याचे २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले. या युक्तिवादाची परीक्षा तत्त्वाच्या पातळीवर करण्याऐवजी सातारा जिल्ह्यातील एका धावपटूच्या कारकिर्दीच्या आधारे केली, तर त्यातील कच्चे दुवे अधिक स्पष्ट दिसतात.

माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावात वाढलेल्या ललिता बाबर हिने ३००० मीटर स्टीपलचेस या प्रकारात, म्हणजे अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे ओलांडत धावण्याच्या शर्यतीत, २०१५ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोहोचली. १९८४ मध्ये पी. टी. उषाने लॉस एंजेलिसला जे साधले होते, त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक प्रकारात ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या अंतिम शर्यतीत ललिता दहावी आली आणि सुवर्णपदक ८ मिनिटे ५९.७५ सेकंदांत बहारीनच्या रूथ जेबेट हिने जिंकले. या दोघींची गाठ त्याआधीही पडली होती. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत जेबेट पहिली आली, धावपट्टीच्या आत पाऊल पडल्याच्या कारणावरून तिला बाद करण्यात आले, आणि बहारीनने दाद मागितल्यावर तो निर्णय फिरला; त्यामुळे काही काळ रौप्यपदकाची मानकरी ठरलेल्या ललिताच्या वाट्याला कांस्यपदक आले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये घेतलेल्या जेबेटच्या नमुन्यात ईपीओ हे रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक सापडले आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी लादण्यात आली.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे, की तो नमुना २०१७ चा असल्याने जेबेटची इंचॉनची किंवा रिओची पदके रद्द झाली नाहीत, आणि त्या शर्यतींत तिने काही घेतले होते असे म्हणण्यास कोणताही आधार सिद्ध झालेला नाही. उत्तेजकांचे खरे विष याच अनिश्चिततेत आहे. प्रामाणिक धावपटूला आपली हार कोणत्या कारणाने झाली हे कळण्याचा हक्क असतो. एकदा संशयाला जागा मिळाली, की जिंकणाऱ्याचा निर्मळ विजयही डागाळतो आणि हरणाऱ्याला आपल्या सरावात काय कमी पडले हे ठरवता येत नाही. मुभा दिल्याने हा संशय नाहीसा होईल असे तिचे पुरस्कर्ते मानतात, पण प्रत्यक्षात मुभेनंतर प्रश्न एवढाच उरतो, की कोणाच्या शरीरावर औषधाचा अधिक परिणाम झाला आणि कोणाच्या पाठीशी अधिक जाणता डॉक्टर होता.

हे समजण्यासाठी ईपीओचे कार्य ध्यानात घ्यावे लागते. इरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक अस्थिमज्जेला अधिक तांबड्या पेशी बनवण्याचा आदेश देते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी ते प्रयोगशाळेत बनवले जाऊ लागले आणि लवकरच सायकलपटूंच्या व दीर्घ अंतराच्या धावपटूंच्या हाती गेले, कारण तांबड्या पेशी जितक्या अधिक तितका स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा अधिक. या पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या, की रक्त दाट होते, गुठळ्या होण्याची भीती वाढते आणि हृदयावर ताण येतो. ‘सुरक्षित मर्यादेपर्यंत मुभा’ ही कल्पना आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने एका अर्थाने अमलातही आणून पाहिली. ईपीओ ओळखणारी चाचणी उपलब्ध नसल्यामुळे १९९७ मध्ये तिने असा नियम केला, की रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा पन्नास टक्क्यांहून अधिक आढळल्यास सायकलपटूला आरोग्याच्या कारणास्तव तात्पुरते थांबवले जाईल. परिणाम असा झाला, की पन्नास टक्के ही मर्यादा न राहता अनेकांचे लक्ष्य बनली. आणि ज्याचे रक्त निसर्गतः चाळीस टक्क्यांचे होते त्याला दहा टक्क्यांची भर घालता आली, तर अठ्ठेचाळीस टक्केवाल्याला केवळ दोनाची. औषधाने विषमता मिटते हे म्हणणे येथेच कोसळते, कारण अशा वेळी शर्यतीचा निकाल दमसासापेक्षा औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावर अवलंबून राहू लागतो.

यात पैशाचा प्रश्न आणखी कठोर आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारतासाठी पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवू शकले, तेव्हा त्या प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांतून भागला होता. प्रवासखर्चासाठी ज्या समाजाला घर गहाण ठेवावे लागते, त्याने संप्रेरकांच्या मात्रा, त्यांच्या परिणामांची दरमहा रक्ततपासणी आणि तज्ज्ञाची देखरेख यांचा खर्च कोठून करावा, याचे उत्तर मुभेच्या पुरस्कर्त्यांजवळ नाही. वैद्यकीय देखरेख श्रीमंत राष्ट्रांच्या वाट्याला येईल आणि खेड्यातील मुलाच्या वाट्याला तीच औषधे देखरेखीवाचून, कोणाच्या तरी सांगण्यावरून येतील, ही शक्यता कल्पनेतील नाही.

मेफेंटरमीन या इंजेक्शनाची अवस्था हेच दाखवते. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या मणक्यात भूल दिल्यानंतर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. कायद्याने ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाही, आणि वाडाच्या यादीत ते उत्तेजक म्हणून नोंदलेले आहे. तरीही व्यायामशाळांत जाणाऱ्या तरुणांनी थकवा न जाणवता अधिक वेळ कसरत करता यावी म्हणून त्याचा वापर सुरू केला, पुढे नशेसाठीही ते घेतले जाऊ लागले, आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याच्या बेकायदा विक्रीविरुद्ध पोलिसांना अलीकडच्या वर्षांत वारंवार कारवाया कराव्या लागल्या. थकवा हा शरीराने दिलेला इशारा असतो. हे औषध थकव्याचे कारण दूर न करता इशारा दाबते, हृदयाची गती व रक्तदाब वाढवते आणि त्याची सवय जडते.

तालमीच्या परंपरेत शरीर घडवण्याची कल्पना याहून वेगळी होती, आणि ती आजही पूर्णतः लोपलेली नाही. दूध, तूप, बदाम आणि थंडाईचा खुराक, पहाटेच्या जोर-बैठका, लाल मातीतील लढती आणि वस्तादाचा धाक यांतून मल्ल तयार होण्यास वर्षे लागत. कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण व रौप्य अशी दोन्ही पदके घेऊन आले, ते याच परंपरेतून. त्या काळाला केवळ निष्पाप मानून त्याच्या आठवणीत रमण्याचे कारण नाही, कारण ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांची तपासणीच मुळी १९६८ पासून सुरू झाली. परंतु वाढीला वेळ लागतो हे तालमीचे शिक्षण मात्र मोलाचे आहे, आणि स्टिरॉइड नेमके त्या वेळालाच बगल देते. पुरुषी संप्रेरकासारखी रचना असलेले हे द्रव्य स्नायूंच्या पेशींत प्रथिनांची घडण वेगाने करते, पण बाहेरून संप्रेरक मिळू लागल्याने शरीर स्वतःचे उत्पादन थांबवते. वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, हृदयाचा स्नायू जाड होतो आणि यकृतावर भार पडतो. वाढत्या वयातील मुलांत हाडांची टोके लवकर बंद होऊन उंची खुंटते. स्त्रियांत आवाज घोगरा होणे यांसारखे बदल औषध थांबवल्यावरही मागे फिरत नाहीत. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. मुलींची कुस्ती या जिल्ह्यांत आता कोठे मूळ धरत असताना अशी द्रव्ये वैध करणे म्हणजे त्या मुलींपुढे देह आणि पदक यांपैकी एक निवडण्याची अट ठेवणे होय. पूर्व जर्मनीने सरकारी योजनेखाली कोवळ्या वयातील जलतरणपटूंना व धावपटूंना अशाच गोळ्या दिल्या, अनेकींना तर त्या जीवनसत्त्वाच्या म्हणून दिल्या. तेथे वैद्यकीय देखरेख भरपूर होती, तरीही ती खेळाडूंच्या कामी आली नाही, कारण डॉक्टर राज्याच्या पदकतालिकेला बांधील होते.

शक्तीच्या खेळांबाहेरही हाच विचार लागू पडतो. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा तिने जे सिद्ध केले ते दडपणाखाली श्वास आणि हात स्थिर ठेवण्याचे कौशल्य होते. गोळीने धडधड कमी करणे वैध ठरले, तर ज्या गुणाची स्पर्धा आहे तोच गुण बाजारात विकत मिळेल. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदकाचे मानकरी ठरले आणि सुवर्ण १६.३८ मीटरला गेले. सहा सेंटिमीटरच्या अशा अंतरावर जेथे आयुष्यभराची मेहनत तोलली जाते, तेथे परवानगी मिळालेली गोष्ट ऐच्छिक राहूच शकत नाही. घेणारा एकजण निघाला, की न घेणाऱ्या सर्वांना घ्यावेच लागते किंवा घरी बसावे लागते.

याचा अर्थ चालू व्यवस्था निर्दोष आहे असा नाही. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१४ दोषी आढळले, म्हणजे सुमारे ३.८ टक्के, आणि मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य स्पर्धेत राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, म्हणजे ‘नाडा’चे, अधिकारी आल्याचे कळताच पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीला एकच धावपटू उरला. तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादव यांचे प्रकरण वेगळ्या कारणाने विचारात घ्यावे लागते. २०१६ मध्ये त्यांच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे स्टिरॉइड सापडले. आपल्या पेयात कोणीतरी ते मिसळल्याचा त्यांचा बचाव नाडाने स्वीकारला, पण रिओतील लढतीच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने तो पुराव्याअभावी फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. शरीरात द्रव्य सापडले, की हेतू काहीही असला तरी त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते, या तत्त्वाला कठोर उत्तरदायित्व म्हणतात; ते द्रव्य कसे आले हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच असतो. हे तत्त्व नसेल तर प्रत्येकजण मिसळवल्याचेच कारण सांगेल, हे खरे. परंतु त्यामुळे शिक्षेचा सगळा भार मल्लावर पडतो आणि पूरक आहाराचा डबा हातात देणारा प्रशिक्षक किंवा भेसळयुक्त भुकटी विकणारा दुकानदार बहुधा मोकळा राहतो, हेही तितकेच खरे आहे.

सातारा-सांगलीत ही उणीव अधिक जाणवते, कारण येथील कुस्तीचा मोठा भाग गावोगावच्या यात्रांतील मैदानांत चालतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून कुंडलच्या मैदानापर्यंत इनामाच्या कुस्त्या होतात आणि व्यवहारात तेथे नमुना घेण्यास कोणी येत नाही. वजनगटात बसण्यासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेऊन अंगातील पाणी काढण्याचा प्रकारही कुस्तीच्या क्षेत्राला अपरिचित नाही. त्याने मूत्रपिंडास इजा होते आणि क्षारांचे प्रमाण बिघडून हृदय थांबूही शकते. म्हणून बंदी टिकवायची असेल तर तपासणी राष्ट्रीय शिबिरांपुरती न ठेवता मोठ्या इनामाच्या मैदानांपर्यंत आणावी लागेल, वस्तादांना बंदीची यादी मराठीत उपलब्ध करून द्यावी लागेल, आणि चिठ्ठीवाचून इंजेक्शन देणाऱ्या औषधविक्रेत्याचा परवाना व मुलाला ते आणून देणाऱ्या प्रशिक्षकाची मान्यता मल्लाच्या कारकिर्दीइतक्याच कठोरपणे काढून घ्यावी लागेल.