पुंगळीचे पितळ

स्वयंचलित बंदुकीच्या इतिहासात नावे येतात ती मॅक्सिम, मोंद्रागोन, फ्योदोरोव अशा संशोधकांची. काडतुसाच्या पितळी पुंगळीची दखल क्वचितच घेतली जाते, आणि हा मोठा अन्याय आहे. पुंगळीने साथ दिली नसती तर यांतल्या कुणाचीही बंदूक चालली नसती.

हिरम मॅक्सिमने १८८४ च्या सुमारास गोळीच्या धक्क्यावर स्वतःच भरणारी आणि झाडणारी मशीनगन बनवली. वेग मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या, म्हणजे एका गोळीला सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात पुंगळी आत जाते, बार उडताच फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच आकसून सुटते. पितळ फार नरम असेल तर ती अडकते, फार कडक असेल तर तडकते.

आधीच्या ब्रिटिश काडतुसांची पुंगळी पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे. जानेवारी १८८५ मध्ये सुदानातल्या अबू क्लेआच्या लढाईत हाताने फिरवायची गार्डनर बंदूक ऐन वेळी अडकली. अशा प्रसंगांचा दोष या पुंगळ्यांकडे गेला, आणि अखंड पितळातून ओढलेली पुंगळी रूढ झाली. तरीही ऑस्ट्रियाच्या श्वार्झलोझ मशीनगनमध्ये काडतुसांना तेल लावणारा पंप बसवावा लागला.

भारतात पुंगळीचे हे पितळ ठाणे जिल्ह्यात, कल्याणपलीकडच्या अंबरनाथला तयार होते. तिथली आयुध निर्माणी १९५३ ची. तांबे ७० टक्के, जस्त ३० टक्के. ओतकाम आणि लाटण झाले की पत्र्यातून चकत्या कापून त्यांचे कप करतात. कप म्हणजे जाड बुडाची वाटीच. पुढे तो दाबाखाली टप्प्याटप्प्याने ओढून त्याची लांब नळी होते. दर ओढीला पितळ कडक होते, म्हणून ते पुन्हा तापवावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीरही भांडे ठोकताना मधूनमधून भट्टीत घालतो ते याचसाठी. तापल्यावर चढलेला काळपट थर सौम्य आम्लात धुतात. शेवटी बूड कडक ठेवून तोंड ज्योतीवर नरम करतात. तयार काडतुसाच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक त्या ज्योतीची.

पूर्वी ७०-३० च्या या मिश्रणाला भारतातल्या पावसाळ्याने फार छळले. तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळात राहिलेला ताण ही कारणे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुतज्ज्ञांनी १९२१ मध्ये दाखवून दिली. उपाय साधा निघाला: मंद आचेवर तापवून ताण काढणे.

१ ऑक्टोबर २०२१ पासून अंबरनाथची निर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे आहे. पुण्यात आराखडा झालेल्या इन्सास रायफलीचे कौतुक लिहिताना भट्टीपाशी उभ्या असलेल्या अंबरनाथच्या कामगारांचाही उल्लेख व्हायला हवा.