मोडक्या मावळ्यांचा किल्ला

दिवाळी संपली म्हणजे अंगणांतील किल्ला मोडतो व मावळे पेटींत जातात. वर्षानें ती पेटी उघडावी, तों कोणाचा हात तुटलेला, कोणाचे पाय गेलेले, तोफेचें चाक नाहींसें झालेलें! हे अवशेष फेकून तयार किल्ला विकत आणणें सोपें खरें. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील कित्येक घरांना आतां अंगणहि उरलें नाहीं. किल्ला मेजावरच मांडावा लागतो. परंतु मेजावरचा किल्ला विकतचाच असावा, असें मुळींच नाहीं.

प्रथम जमीन समजून घ्यावी. या भागांतून दिसणारा मलंगगड हाच उत्तम नमुना होय. पीर माची, सोने माची आणि सर्वांत वर बालेकिल्ला, अशी त्याची चढती रचना आहे. १७८० सालीं कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रज फौजेनें खालची माची घेतली. बालेकिल्ला मात्र हातीं लागला नाहीं. असें कां झालें, हें विकतच्या किल्ल्यावरून कळत नाहीं. माची सपाट व कडा उभा करतांना तें मुलाला आपोआप उमगतें.

डोंगराचा सांगाडा खोक्यांतून आलेल्या थर्मोकोलचा करावा व त्यावर खळीनें जुनीं वर्तमानपत्रें चिकटवावींत. हें आवरण आवश्यक आहे. कारण फवारून द्यावयाच्या रंगांतील द्रावक थर्मोकोल विरघळवितो.

पुढें प्रमाण. २ इंची मावळा साडेपांच फुटी माणसाच्या जागीं धरला, तर १ इंच म्हणजे पावणेतीन फूट. १० फुटी दरवाजा साडेतीन इंचांहून थोडा उंच होईल; पण ३०० फुटी कडा ९ फुटांचा करावा लागेल! म्हणून मोठे मावळे पायथ्याशीं, लहान माथ्यावर ठेवावेत. त्यायोगें उंचीचा भास होतो.

येथेंच मोडक्यांचें महत्त्व. पाय नसलेला मावळा तटाआड निर्धास्त पहारा देतो. तुटक्या हाताच्या जागीं काडी चिकटविली कीं भाला झाला. संपलेल्या लेखणीची नळी ही तोफ आणि सदऱ्याच्या गुंड्या हीं तिचीं चाकें.

रंग देतांना आधीं सर्वत्र काळा, त्यावर तपकिरी द्यावा. शेवटीं कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग केवळ कडांवरून फिरवावा. खडकाच्या भेगा काळ्या राहून दगड जिवंत दिसतो.

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यानें १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम दिले. त्याच्याहि रणभूमीवर घरें लाकडी ठोकळ्यांचीं आणि झाडें डहाळ्यांचीं होतीं.

विकतचा किल्ला मांडला कीं काम संपतें. हातानें केलेल्या किल्ल्याची मात्र दर दिवाळीस डागडुजी करावी लागते. आणि गड राखणें म्हणजे काय, हें मुलांना त्या डागडुजींतूनच कळतें.