खापर टाचेवरच का?

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतून सकाळी शेअर रिक्षाने ठाणे स्टेशन गाठणाऱ्या बायकांच्या पायांत उंच टाच क्वचितच दिसते. सपाट सँडल, रबरी स्लीपर, पावसाळ्यात प्लास्टिकच्या चपला. तरी कंबर धरली की घरीदारी पहिलं खापर फुटतं ते टाचेवर.

ते अगदीच खोटं नाही. टाच उचलली की भार चवड्यावर सरकतो आणि तोल सांभाळण्यासाठी घोटा, गुडघा, कंबर सगळ्यांनाच जुळवून घ्यावं लागतं. 1998 मध्ये केसी केरिगन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, की अनवाणी चालण्यापेक्षा उंच टाचांत गुडघ्याच्या आतल्या बाजूवर सरासरी 23 टक्के जास्त दाब येतो. रुंद टाच बरी, हा समजही त्यांच्याच 2001 च्या अभ्यासाने मोडीत काढला. 2010 मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांना नेहमी उंच टाचा घालणाऱ्यांच्या पोटरीचे तंतू आखूड आणि टाचेमागची शीर ताठ झालेली आढळली. अशी बाई सपाट चपलेत उतरली की पोटरी ओढते. कंबरेचा बाक वाढतो, असं मात्र सगळे छातीठोक सांगतात. प्रयोगांत ते एकसारखं दिसलेलं नाही. काहींत बाक उलट कमी झाला.

ओटीपोटाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे तोलणारे स्नायू घोट्याच्या कोनाला प्रतिसाद देतात. तैवानमधल्या 2005 च्या अभ्यासात चवडे वर उचलून उभं राहिल्यावर ते जास्त आवळले गेले. 2008 मध्ये व्हेरोनाच्या मारिया चेरुटो यांनी पन्नाशीच्या आतल्या 66 बायकांना सुमारे पाच सेंटिमीटर टाचेइतक्या उतारावर उभं केलं, तर हेच स्नायू सैलावलेले दिसले. वर्तमानपत्रांनी लगेच टाचेला औषध ठरवून टाकलं! पण सैलावणं कोणाचं? सतत आवळून दुखणाऱ्या स्नायूंना ते मानवेल. बाळंतपणानंतर ढिल्या पडलेल्यांना त्याने काय मिळणार? शिवाय थोडा वेळ उभं करून घेतलेली नोंद म्हणजे वर्षांचं आरोग्य नव्हे.

‘अंग बाहेर येणं’ किंवा खोकताना लघवीचे थेंब जाणं, यामागे बहुधा बाळंतपणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, उतारवय आणि जड उचलणं असतं. बिनलिफ्टच्या इमारतीत पाणी आणि किराणा वर चढवणाऱ्या बाईला चपलेवर व्याख्यान देणं मला तरी हास्यास्पद वाटतं.

म्हणून सपाट ते सगळं चांगलं, असंही नाही. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी सपाट खरी, पण तिला मागे पट्टा नसतो. ओल्या जिन्यात ती पाय धरून ठेवत नाही. एका बाजूने झिजलेली स्लीपर तर त्याहून वाईट. ती टाकून द्यावी. मागे पट्टा, चवड्याला ऐसपैस जागा आणि फार तर दोन-तीन सेंटिमीटर टाच, एवढं बघून नवी घ्यावी.

ओटीपोटाच्या स्नायूंसाठी अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडलेला आवळा-सोडाचा व्यायाम आजही फिजिओथेरपिस्ट शिकवतात. त्याला चप्पल लागतच नाही. लागतं ते थेंब जातात हे कोणाला तरी सांगणं, आणि चपलेच्या दुकानात टाचेबद्दल दहा प्रश्न विचारणाऱ्या बायका दवाखान्यात नेमकं तेवढंच सांगत नाहीत.